भांडारी बदलताना



ज्येष्ठ शुद्ध पंचमी जवळ आली की मंदिरांतील ग्रंथांची कपाटे उघडतात. मऊ फडक्याने धूळ टिपली जाते, जीर्ण वेष्टने उतरवून नवी बांधली जातात. गिरनारच्या चंद्रगुफेत आचार्य धरसेनांनी, श्रुताचा लोप होईल या चिंतेने, आपल्याजवळचे ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींच्या स्वाधीन केले. त्यातून षट्खंडागम ग्रंथारूढ झाला आणि त्याचे पूजन या तिथीला झाले, असे आपली परंपरा सांगते. श्रुतपंचमी ही पूजेइतकीच देखभालीचीही तिथी आहे. यंदा आमच्या घरी ही देखभाल करताना जे घडले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

आमच्या घराचे भांडार आता कपाटात नाही. पुस्तकांच्या मांडणीत, वरच्या फळीवर ठेवलेल्या एका काळ्या पेटीत आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीतील आमच्या घरात शिरले, तेव्हा आजोबांच्या स्वाध्यायाच्या अकरा वह्या खालच्या फळीवर होत्या. पाणी ओसरल्यावर त्या पंख्याखाली वाळवल्या आणि चिकटलेले एकेक पान सोडवून त्याचे छायाचित्र घेतले. समासातील कन्नड टिपणे काही ठिकाणी धुऊन गेली होती, तरी बहुतेक मजकूर हाती लागला. मूळ पानांना मात्र पुढे बुरशी लागली आणि ती टिकली नाहीत. त्या छायाचित्रांच्या शेजारी आईच्या आवाजातील भक्तामर स्तोत्राची ध्वनिमुद्रणे आहेत. आई आता नाही. पेटीत काय आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

पेटीची रचना थोडक्यात सांगतो. हा घरगुती साठवणीचा सर्व्हर आहे. व्यवहारात त्याला ‘नॅस’ म्हणतात. आत चार-चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क आहेत. एकीवर जे लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. याला मिरर म्हणतात. तिसरे साधन म्हणजे बूट ड्राइव्ह. पेटी सुरू होताना तिला ‘तू कोण, तुझ्याकडे काय आहे, कोणाला काय दाखवायचे’ हे सांगणारी कार्यप्रणाली त्यावर असते. आमच्याकडे ट्रूनॅस ही प्रणाली आहे. 2020 पूर्वी ती फ्रीनॅस या नावाने ओळखली जाई. जुन्या मंदिरातील व्यवस्थेशी तुलना करायची, तर दोन डिस्क हे भांडार आणि बूट ड्राइव्ह हा भांडारी. याद्या आणि किल्ल्या त्याच्याकडे. ग्रंथ मात्र त्याच्याकडे नाहीत.

आमचा भांडारी एक लहानसा पेनड्राइव्ह होता. एके काळी ही पद्धत रूढ होती, कारण बूट ड्राइव्हवर फारसे लेखन होत नसे. 2014 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून बूट ड्राइव्हवरही झेडएफएस ही फाइलव्यवस्था आली आणि त्यावरील लेखन वाढले. पेनड्राइव्हमधील स्मृतिपेशी ठरावीक वेळाच लिहिणे सोसतात. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये ती झीज सर्वत्र सारखी वाटून घेण्याची सोयही यथातथाच असते. म्हणून आता लहान एसएसडी वापरण्याचा सल्ला दिला जातो. हे सारे मला ठाऊक होते. तरीही ‘चालते आहे तोवर चालू दे’ हा प्रमाद माझ्याकडून झाला.

श्रुतपंचमीच्या आदल्या रविवारी नवी आवृत्ती चढवावी म्हणून मी अपग्रेडची आज्ञा दिली. फाइली उतरल्या, पेटी बंद होऊन पुन्हा सुरू झाली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली: बूट करण्याजोगे साधन सापडत नाही. अपग्रेडच्या एकदम वाढलेल्या लेखनात पेनड्राइव्हने मान टाकली होती. सौ. स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, “वह्या गेल्या का?”

नाही, असे उत्तर मी दिले खरे. पण ते देताना आवाजात पुरेसा भरवसा नव्हता. शास्त्रतः ते उत्तर बरोबर होते. झेडएफएसमध्ये डिस्कांच्या समूहाला पूल म्हणतात आणि पुलाची ओळख त्या डिस्कांवरच लिहिलेली असते. बूट ड्राइव्ह नष्ट झाला तरी नवी प्रणाली बसवून पूल ‘इम्पोर्ट’ करता येतो. धोका मेलेल्या पेनड्राइव्हपासून नव्हता. तो माझ्या घाईपासून होता.

बाजारातून लहान क्षमतेची एसएसडी आणली. सोळा गिगाबाइटही पुरेसे असतात; बाजारात मिळते ती याहून मोठीच असते. नवी पेटी घ्यावी असा विचार मनात डोकावला, पण एक सुटा भाग झिजला म्हणून सुस्थितीतील यंत्र टाकून देणे आपल्या अपरिग्रहाच्या विचारात बसत नाही. एसएसडी जोडली आणि इन्स्टॉलर सुरू केला. प्रणाली कोठे बसवायची हे विचारणारी यादी आली. तीत तीन नावे होती. मी पहिल्या नावावर खूण केली. ‘या डिस्कवरील सर्व काही पुसले जाईल’ असा इशारा आला. असे इशारे वाचून नव्हे, तर सवयीने ‘होय’ म्हणायचे असतात, असे आपल्या बोटांनी कधीच ठरवून टाकलेले असते.

शेजारी कन्या उभी होती. ती म्हणाली, “बाबा, नवी डिस्क छोटी आहे ना? मग इथे आकडा एवढा मोठा कसा?”

मी खूण केलेले नाव भांडारातील एका डिस्कचे होते. मिररमुळे दुसरी डिस्क शाबूत राहिली असती, हे खरे. पण आठ वर्षे फिरत असलेल्या त्या एकट्या डिस्कवर अकरा वह्या आणि आईचा आवाज सोपवून मी पुढचे दिवस काढले असते. मी ‘नाही’ निवडले, पेटी बंद केली आणि जे पहिल्यांदा करायला हवे होते ते तेव्हा केले: दोन्ही हार्ड डिस्कांच्या केबली काढून ठेवल्या. आता यादीत एकच नाव उरले. चूक करायची म्हटली तरी जागा नव्हती.

दुसरी चूकही येथे कबूल करतो. प्रणालीची सारी मांडणी, म्हणजे कोणाला कोणता कप्पा खुला आणि कोणती कामे कोणत्या वेळी, एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जतन करता येते. ती मी चार महिन्यांपूर्वी जतन केली होती. कोठे? त्याच पेटीत. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावावे, तसे हे झाले. आमच्या पुलाला एन्क्रिप्शन नव्हते म्हणून निभावले. ज्यांच्याकडे ते असेल आणि त्याची किल्ली केवळ बूट ड्राइव्हवर असेल, त्यांना बूट ड्राइव्हबरोबर भांडारही गमवावे लागेल. त्यांनी ती किल्ली आजच वेगळी जतन करावी.

पुढचा क्रम वाचकांनी टिपून ठेवावा. पेनड्राइव्हवर होती तीच जुनी आवृत्ती प्रथम एसएसडीवर बसवली, नवी नव्हे. बूट ड्राइव्ह बदलणे आणि आवृत्ती बदलणे ही दोन कामे आहेत. ती एकत्र केली आणि काही बिघडले, तर बिघाड कशामुळे झाला हे कळत नाही. मग पेटी बंद करून डिस्कांच्या केबली पुन्हा जोडल्या, पूल इम्पोर्ट केला, त्यातून कॉन्फिगरेशन फाइल काढून प्रणालीला दिली. जुन्या आवृत्तीची फाइल नवी आवृत्ती वाचते, नवीची मात्र जुनीला वाचता येत नाही, हेही ध्यानात असावे. फाइल जतन करताना ‘सिक्रेट सीड’ सोबत घेण्याचा पर्याय असतो. तेथे खूण नसेल तर साठवलेले काही परवलीचे शब्द नव्या बूट ड्राइव्हवर उलगडत नाहीत. एक दिवस सारे नीट चालले, तेव्हा अपग्रेड केले. त्यानंतर ‘पूल अपग्रेड करा’ अशी सूचना येते. ती मी अजून मानलेली नाही. एकदा ती मानली की जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट बंद होऊ शकते. काही आठवडे थांबण्याने कोणतीही हानी होत नाही.

पूल उघडला त्या रात्री मी सहज सातवी वही उघडली. एका पानाच्या तळाशी आजोबांनी लिहिले होते, ‘हे पान दुसऱ्यांदा लिहिले. पहिल्यावर शाई सांडली.’ इतकी वर्षे ही ओळ माझ्या दृष्टीस पडली नव्हती.

भेदविज्ञानाचा दाखला यंत्राला लावू नये, हे मला कळते. तरी देह आणि आत्मा यांतील भेद ज्या दृष्टीने पाहायला आपल्याला शिकवले जाते, त्या दृष्टीचा थोडासा सराव व्यवहारातही उपयोगी पडतो. हात लावण्यापूर्वी विचारावे: यातले बदलता येण्याजोगे काय आणि पुन्हा न मिळणारे काय? बूट ड्राइव्ह दुकानात मिळतो. सातवी वही मिळत नाही.

आणि जे पुन्हा मिळत नाही, ते एकाच ठिकाणी असू नये. मूडबिद्रीच्या बसदीत धवला, जयधवला आणि महाधवला यांच्या ताडपत्रीय प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या. यात्रेकरू दर्शन घेत, पण ग्रंथ इतरत्र उपलब्ध नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद, मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्यांनी प्रती करवून घेण्याचा ध्यास घेतला. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 मध्ये षट्खंडागमाचा पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. जपणुकीने ग्रंथ टिकले. प्रतींमुळे ते निर्धास्त झाले. एकाच पेटीतील मिररला प्रत समजण्याची चूक करू नये. पूर आला, चोरी झाली किंवा आपल्याच हातून फाइल पुसली गेली, तर दोन्ही डिस्क एकाच वेळी जातात.

म्हणून या श्रुतपंचमीला आम्ही तीन कामे केली. संपूर्ण भांडाराची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन पुण्याला धाकट्या बंधूंकडे पाठवली. प्रत्येक डिस्कवर तिचा सिरियल नंबर आणि ती कशासाठी आहे हे लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. आणि पेटी बंद पडली तर काय करायचे, कॉन्फिगरेशन फाइल कोठे आहे, कोणत्या केबली आधी काढायच्या, हे एका कागदावर लिहून मंदिराच्या दिनदर्शिकेमागे लावले. कारण हे सारे एकट्या माझ्याच डोक्यात होते. ज्यांच्याकडे अशी पेटी नाही आणि सारे काही केवळ फोनमध्ये आहे, त्यांनीही एक प्रत अन्यत्र ठेवावी.

तो कागद कन्येने लिहिला. पहिली ओळ तिची स्वतःची आहे: ‘आधी आकडा वाच.’