कागद नाही म्हणून इतिहास नाही?

१९६३ साली ऑक्सफर्डचे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी जाहीर केले की, आफ्रिकेत युरोपीयांचा इतिहास तेवढा आहे. बाकी सारा अंधार! हा युक्तिवाद ख्रिस्ती वाचकाने तरी निमूट ऐकून घेऊ नये. प्रभू येशूची वचनेही लेखणीत उतरण्यापूर्वी काही दशके मुखोमुखीच फिरत होती, हे सेमिनरीत आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवले गेले.

शिवाय कागद नव्हते हेही खोटे. काँगोचा ख्रिस्ती राजा पहिला आफोन्सो याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. आमची माणसे, सरदारांची मुलेसुद्धा, धरून विकली जातात, अशी त्यांत तक्रार आहे. (धरून नेणारे व्यापारीही ख्रिस्तीच होते, हे आपण विसरू नये.)

बेल्जियन संशोधक यान व्हान्सिना यांनी १९६१ च्या ग्रंथात मौखिक परंपरा पारखण्याची शिस्त घालून दिली. सांगणारा कोण, त्याने ती कोणाकडून ऐकली, ती टिकण्यात कोणाचे हित? त्यावर डेव्हिड हेनिग यांनी आक्षेप घेतला की अशा परंपरांतल्या राजवंशावळी लांबवलेल्या असतात. आक्षेप रास्तच. पण ही खोड युरोपच्या राजघराण्यांना नव्हती काय? तेथे हे गृहस्थ पुरावा चाळून घेतात. आफ्रिकेत मात्र सूपच उकिरड्यावर रिकामे करतात.