पँटीचा नंबर आणि पोटाचा घेर

गेल्या दिवाळीनंतर चिखली तालुक्यातला एक तरुण दवाखान्यात आला. वय २६, लग्न जमलेले. "डॉक्टरसाहेब, वजन उतरायची पावडर लिहून द्या. मी तं काहीच खात नाही, तरी हे पोट काऊन वाढते?" हातपाय बारीक, पोट मात्र शर्टाच्या गुंड्या ताणणारे. कमरेचा घेर विचारला, तर म्हणाला ३४. शिंप्याचा टेप बेंबीवरून फिरवला, तो ३९ इंच भरला. ३४ हा पँटीचा नंबर होता. पँट पोटाखाली घसरत जाते आणि माणूस निश्चिंत राहतो!

दोन वर्षांपूर्वी हाच मुलगा पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटरचा सराव करीत होता. भरती हुकली, धावणे सुटले, त्या वेळचे जेवण मात्र सुटले नाही. आता तो दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसतो आणि पानटपरीपर्यंतही मोटारसायकलने जातो. त्याची उपाशीपोटीची साखर तपासली, ती ११२ निघाली. शंभराच्या आत असायला हवी. हा मधुमेह नव्हे. पण १२६ ला मधुमेह म्हणतात, आणि हा त्या वाटेवर निम्म्याने पुढे गेलेला होता. वयाच्या सव्विसाव्या वर्षी!

आपल्याकडे हे का घडते, याचे एक बोलके उदाहरण पुण्याचे आहे. तेथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना सारखेच ठरवत होता. आपला मेद प्रामुख्याने पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठतो, आणि तोच इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो. म्हणून भारतीय पुरुषाने कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत ठेवावा, असे तज्ज्ञ सांगतात.

टेप नसेल तर सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीएवढी कापा, दुहेरी करा आणि श्वास सोडून बेंबीजवळून फिरवा. टोके जुळली नाहीत तर पोट वाढले आहे असे समजा. पोट आत ओढून मोजू नका, कोणी बघत नाही.

आता त्या "काहीच खात नाही"चा हिशेब. त्याला मी आदल्या दिवसाचे सारे आठवून लिहायला लावले. जेवण खरोखर बेताचेच होते. पण चहा आठ वेळा! हॉटेलच्या चहात साखर आधीच उकळलेली असते, कपाला दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम धरली तर दिवसाची ८० ग्रॅम झाली. त्यातून सव्वातीनशे उष्मांक मिळतात. तेवढे खर्ची घालायला सहा-सात किलोमीटर चालावे लागते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. शिवाय आठवड्यातून तीनदा कचोरी. शेगावची कचोरी मलाही आवडते, गुरुवारी दर्शनाला गेलो की एक खातो. पण ती सणासारखी खावी, नाश्त्यासारखी नव्हे.

नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे गावोगाव नेलेला 'दिवसातून दोनदाच जेवा' हा मार्ग आपल्याकडे अनेकांनी धरला. काहींना चांगला गुण आला, काहींनी महिन्यात सोडला. माझे मत विचाराल तर, ज्यांना गुण आला त्यांचा निम्मा फायदा मधल्या वेळचा गोड चहा आणि बिस्किटे सुटल्याचा असावा. दोनदा जेवणे जमत नसेल तर निदान एवढे तरी करावे. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी जेवण टाळण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

त्या तरुणाला पावडर दिली नाही. त्या डब्यात काय भरले आहे हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. चहा दोन कप, तोही बिनसाखरेचा. मधल्या भुकेला खिशात मूठभर फुटाणे. जेवणात भाकरी असू दे. शेतात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, म्हणून ताटातूनही ती जायला नको. पण भाकरीने कोणी बारीक होत नाही. चार खाल्ल्या तर चारच मोजायच्या. दोन भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, भरपूर पालेभाजी, आणि तर्री वरची काढून. रात्रीचे जेवण आठच्या आत. रोज पाऊण तास भरभर चालणे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले. पहिले दहा दिवस डोके दुखले, चिडचिड झाली, असे त्यानेच नंतर सांगितले. चहा एकदम कमी केला की असे होते.

चार महिन्यांनी तो लग्नाची पत्रिका घेऊन आला. वजन सहा किलो उतरलेले, घेर साडेछत्तीस, साखर ९७. अजून एक इंच बाकी आहे, हे त्याला सांगितले. सोबत वडील होते. त्यांनी न विचारताच सदरा वर केला आणि म्हणाले, "माह्यं बी मोजून पाहा." ४१ भरले.