जुन्या रायफलींना वेगळा गट हवा

अमेरिकेतील ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम’ या नेमबाजी संस्थेच्या रिमफायर स्पोर्टर स्पर्धेत रायफलीचे वजन साडेसात पौंडांच्या आत लागते आणि ट्रिगरचा दाब किमान तीन पौंड. हेतू रास्त आहे: साध्या .२२ रिमफायर रायफलीवर सामान्य माणसालाही खेळता यावे. पण दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या सरावासाठी बनलेली, जाड नळीची मॉसबर्ग ४४ यूएस या वजनाच्या अटीतच बाद होते. म्हणून अट सैल करावी का? मुळीच नाही. जड नळी हातात कमी डगमगते; सवलत दिली तर हलक्या रायफलवाल्यांवर अन्याय होईल आणि नव्या जड रायफलीही मागच्या दाराने शिरतील.

उपाय स्वतंत्र गटाचा. गॅरंड, स्प्रिंगफील्ड या मोठ्या काडतुसांच्या सेंटरफायर लष्करी रायफलींसाठी हीच संस्था वेगळ्या स्पर्धा घेते. मग रिमफायरला वेगळा न्याय का? गट वाढले की चुरस पातळ होते, हा आक्षेप खरा. पण नेमबाजी एकाच रांगेत, त्याच लक्ष्यावर होऊ शकते, वेगळा ठेवायचा तो फक्त निकाल. मूळ बनावट तपासणे अवघड, असेही म्हटले जाईल. त्यासाठी मान्य मॉडेलांची यादी आणि मूळ साइट्सची सक्ती पुरेशी आहे. नियम मोडून जुन्याचा मान राखता येत नाही. त्यासाठी नियमच नेमका करावा लागतो.