अपील केलं म्हणजे वसुली थांबली असं नाही! इन्कम टॅक्सच्या मागणीवर ‘स्थगिती’ मिळते कशी?

विश्लेषण

गावात हल्ली एक गोष्ट वारंवार ऐकायला मिळते. “अहो, आपण अपील टाकलंय, आता काळजी नाही.” आणि मग एक दिवस उसाचं नाहीतर दुधाचं बिल काढायला माणूस बँकेत जातो, तर मॅनेजर सांगतो, खात्यावर इन्कम टॅक्सची जप्ती आलीय.

हे असं का होतं? कारण अपील करणं आणि वसुलीला स्थगिती मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं बहुतेकजण करतात, दुसरं राहून जातं. आजचा विषय हाच.

मागणी एवढी मोठी होते कशी?

एक उदाहरण घेऊ. समजा एका शेतकऱ्यानं नोटबंदीच्या काळात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, घरात साठवलेले १० लाख रुपये बँकेत भरले. सोयाबीनचे, कांद्याचे, जनावरं विकल्याचे पैसे. काही वर्षांनी खात्याची नोटीस निघते. ती जाते ई-मेलवर, तो ई-मेल असतो रिटर्न भरून देणाऱ्याचा. इकडं घरात कुणाला पत्ताच नाही. उत्तर गेलं नाही की अधिकारी एकतर्फी आदेश काढतो आणि सगळी रक्कम ‘खुलासा न झालेले पैसे’ म्हणून धरतो.

अशा पैशावर त्या वर्षासाठी ६० टक्के कर आहे. वर अधिभार आणि सेस धरला की ७७.२५ टक्क्यांवर जातं. म्हणजे १० लाखांवर ७ लाख ७२ हजार ५०० फक्त कर. व्याज आणि दंड वेगळा. शेतीचं उत्पन्न मुळात करमुक्त, पण कागद समोर ठेवला नाही तर हे कोण ऐकणार?

कायदा काय म्हणतो?

मागणीची नोटीस मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांत पैसे भरायचे असतात. पहिलं अपील करायची मुदतही ३० दिवसांचीच. अपील ऑनलाईन होतं. पण अपील दाखल झालं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम २२०(६) सांगतं की अपील चालू असेपर्यंत करदात्याला ‘थकबाकीदार’ धरायचं नाही असं अधिकारी ठरवू शकतो. ‘शकतो’ हा शब्द लक्षात ठेवा. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आलाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत. अर्ज लिहिताना कोणतं कलम लागतं ते सीएकडून बघून घ्या.)

जीएसटीत हे उलट आहे. तिथं पहिल्या अपिलाच्या वेळी वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम भरली की उरलेली वसुली कायद्यानंच थांबते. म्हणून कृषी सेवा केंद्र नाहीतर हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्यांना वाटतं, इन्कम टॅक्सचंही तसंच असेल. तसं नाही.

२० टक्क्यांचं कोडं

अर्ज घेऊन गेलं की पहिलं उत्तर यायचं, “२० टक्के भरा, मग बघू.” हा आकडा कायद्यात लिहिलेला नाही. प्रत्यक्ष कर मंडळाच्या सूचनेतून तो आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये १५ टक्के ठरले होते, ३१ जुलै २०१७ ला ते २० झाले. वरच्या उदाहरणात २० टक्के म्हणजे १ लाख ५४ हजार ५००. दोन एकरवाल्यानं ते आणायचे कुठून?

पण हा आकडा दगडावरची रेघ नाही. २०१८ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रकरण बघून २० टक्क्यांपेक्षा कमी रकमेवरही स्थगिती देता येते. त्याआधी २००१ मध्ये केईसी इंटरनॅशनलच्या प्रकरणात आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं अधिकाऱ्यांना नियम घालून दिले. स्थगितीच्या अर्जावर कारणं देऊन आदेश काढा, करदात्याची आर्थिक अडचण बघा, अपिलाची मुदत संपेपर्यंत सहसा वसुलीची घाई करू नका, आणि खातं जप्त केलं तरी पैसे उचलण्याआधी माणसाला वर दाद मागायला वेळ द्या. मोठ्या कंपन्यांनी लढून मिळवलेले हे निकाल गावातल्या माणसालाही तेवढेच लागू आहेत. फक्त ते अर्जात लिहावे लागतात.

सरकारची बाजू आणि उसाचा धडा

सरकारचंही म्हणणं अगदीच चूक नाही. नुसतं अपील केल्यावर वसुली थांबली, तर जो तो वेळ काढायला अपील करेल. अपिलं वर्षानुवर्षं पडून राहतात, तोवर तिजोरी रिकामी ठेवायची का?

पण उलट बाजूही बघा. सहकारी साखर कारखान्यांनी शेतकऱ्याला ठरलेल्या किमान दरापेक्षा जास्त भाव दिला, तो खात्यानं खर्च न मानता नफावाटप धरला आणि त्यावर कर लावला. वाद बरीच वर्षं चालला. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात नव्यानं तपासणी करायला सांगितलं. शेवटी २०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्रानं २०१६-१७ या कर निर्धारण वर्षाआधीचे असे पैसे खर्च म्हणून धरायची मुभा दिली. दिलासा होता जवळपास १० हजार कोटींचा. कागदावर पक्की दिसणारी मागणी शेवटपर्यंत टिकतेच असं नाही. ती आधीच सक्तीनं वसूल झाली असती तर झळ उसाच्या बिलालाच बसली असती.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. मोठ्या कारखान्याच्या मागं वकील असतात, नेते असतात. एकट्या शेतकऱ्याच्या मागं कोणी नसतं. त्याच्याकडून, तेही एकतर्फी आदेशावर, सरसकट ठराविक टक्के मागणं हा न्याय नाही. मंडळानं छोट्या करदात्यासाठी वेगळी मर्यादा ठरवायला हवी.

तोवर आपण काय करायचं?

१. ई-फायलिंग पोर्टलवर स्वतःचा मोबाईल नंबर आणि स्वतःचा ई-मेल टाका. महिन्यातून एकदा उघडून बघा.

२. मुदतीत अपील करा. मुदत गेली असेल तर कारण देऊन उशीर माफीचा अर्ज जोडा.

३. त्याच आठवड्यात स्थगितीचा वेगळा अर्ज द्या आणि पोच घ्या. सातबारा, पीक पेरा, बाजार समितीच्या पट्ट्या, पासबुक, कर्जाचा दाखला जोडा. केसमध्ये दम आहे आणि पैसे भरले तर घर चालणार नाही, या दोन्ही गोष्टी कागदानं दाखवा.

४. सगळे जमत नसतील तर हप्ते मागा. गप्प बसू नका.

५. अर्ज फेटाळला तर प्रधान आयुक्तांकडे जा, त्यानंतर उच्च न्यायालय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झालंय.

एक शेवटची गोष्ट. स्थगिती म्हणजे माफी नाही. अपील हरलं तर थांबलेल्या रकमेवर दरमहा १ टक्का व्याज लागतं. जिंकलं तर भरलेले पैसे व्याजासह परत मिळतात. त्यामुळं केस कच्ची असेल तर ओढत बसू नका. पक्की असेल तर एकाच कागदावर थांबू नका. अपिलाची पोच आणि स्थगितीच्या अर्जाची पोच, दोन्ही घरात हवीत.