कॅलिपर नको, सील किट द्या

पावसाळा सरला की स्पोर्ट्स गाड्यांवरची कव्हरं निघतात आणि आपल्या गॅरेजांत एकच तक्रार येऊ लागते: गाडी ढकलूनही हलत नाही, ब्रेक धरून बसलाय. या महिन्यातली बहुतेक पत्रं याच कामाबद्दल आहेत. मात्र सभासदांचा राग जाम कॅलिपरवर नाही, पार्ट्स काउंटरवर आहे. सील किट मागितलं की उत्तर ठरलेलं, ‘सुटं मिळत नाही, पूर्ण असेंब्ली घ्या.’ वर डावं-उजवं जोडीनेच बदला, हा आग्रह वेगळा. चार रबरांसाठी गिऱ्हाइकाने दोन कॅलिपर विकत घ्यायचे, आणि बिलावरून बोलणी खायची आपण!

पोर्शे बॉक्सस्टर 986 घ्या. पुढचा कॅलिपर चार पिस्टनचा, अ‍ॅल्युमिनियमचा, अखंड. पॅड सरकतात त्या जागी स्टेनलेसच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात. खाऱ्या, दमट हवेत पट्टीखाली अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी साचते, पट्टी वर उचलली जाते आणि पॅड चिमटीत अडकतो. अशा वेळी पुष्कळदा पिस्टन आणि सील दोन्ही ठणठणीत असतात. पट्टी काढा, खाच खरवडून साफ करा, पट्टी परत बसवा. तोच कॅलिपर पुन्हा कामाला येतो. त्याला ‘गेला’ म्हणून भंगारात टाकणं ही गिऱ्हाइकाची लूट आहे.

इथे आपल्याच काही मंडळींनाही सुनावलं पाहिजे. ब्लीडर निपल पाव फेरा सैल करून बघायला कितीसा वेळ लागतो? चाक लगेच मोकळं झालं, तर दोष पिस्टनचा नाही. होज आतून बंद झालाय किंवा मागे मास्टर सिलिंडरमध्ये प्रेशर अडकलंय. ही तपासणी न करता थेट हातोडी आणि इम्पॅक्ट गन उचलली जाते. एका पत्रासोबत फोटो आहे: कॅलिपरचा स्टीलचा बोल्ट बाहेर आलाय आणि त्याच्या आट्यांभोवती अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली आहे. म्हणजे हब कॅरियरचे आटे बोल्टाबरोबर बाहेर. आता तिथे हेलिकॉइल बसवल्याशिवाय गत्यंतर नाही. रात्रभर गंज सोडवायचं तेल मुरू दिलं असतं आणि सकाळी लांब दांड्याने हळूहळू, मागे-पुढे करत बोल्ट सोडवला असता, तर ही वेळ सहसा आली नसती. मात्र ते तेल सीलपर्यंत जाऊ देऊ नका, खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगतं. ब्रेक ऑइल आत असताना गॅसची ज्योत जवळ नेऊ नका. पिस्टन हवेने काढताना समोर लाकडी ठोकळा ठेवा, बोटं नकोत. आणि बोल्ट परत आवळताना टॉर्क पानाच घ्या; बॉक्सस्टर 986ला 85 न्यूटन मीटर.

आता मूळ दुखणं. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न देणाऱ्या 14 मोटार कंपन्यांना स्पर्धा आयोगाने 2014 साली अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. डिसेंबर 2022मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. आदेश झाला, पोर्टल झालं, आणि आपले सभासद अजून दहा-दहा फोन करून पिस्टनच्या मापाचं रबर शोधताहेत. पोर्टलवर माहिती ठेवली की दुरुस्तीचा हक्क मिळाला, असं दिल्लीला वाटत असेल तर त्यांनी एकदा काउंटरच्या अलीकडे उभं राहून बघावं.

तोंडी कुरकुरीची नोंद कुठेच होत नाही. म्हणून सभासदहो, यापुढे सील किट, बूट, पट्टी, जे हवं त्याची मागणी गाडीचं मॉडेल घालून लेखी करा. नकारही लेखी मागा. देत नसतील तर आपल्या मागणीच्या प्रतीवर तारीख आणि मिळालेलं उत्तर लिहून ठेवा. ती प्रत आमच्याकडे पाठवा. सगळा गठ्ठा आम्ही आयोगाकडे आणि ग्राहक व्यवहार विभागाकडे नेऊ. पहिली प्रत याच आठवड्यात टपालात टाका.