आठ आठवड्यांची मजुरी

या शतकाच्या सुरुवातीला बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलची पथकं तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गावोगाव फिरत होती. टाटा मेमोरियलच्या सहभागातून उभा राहिलेला तो अभ्यास होता. 497 गावं आणि तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायका एवढा त्याचा आवाका. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभरच्या कॅन्सरतज्ज्ञांनी या दुष्काळी जिल्ह्याचं नाव लक्षात ठेवलं. ज्या गावांत एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदा, फक्त एकदा झाली, तिथे पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने 34 बायका दगावल्या. तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच बायकांच्या गटात 64. या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवलं म्हणून पुढे कडक टीका झाली, आणि ती रास्त होती. त्या बायकांचं ऋण मान्य करायचं तर निदान त्या अभ्यासाने जे शिकवलं ते अमलात यायला हवं होतं.

शेजारच्या बीडमध्ये दहा वर्षांनी काय उघड झालं? ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जात असल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या कित्येक बायकांना ‘कॅन्सर होईल’ एवढंच सांगितलं गेलं होतं. ज्यांच्यापर्यंत कॅन्सरची साधी तपासणी कधी पोचली नाही, त्यांच्यापर्यंत कॅन्सरची भीती बरोबर पोचली. कोयत्यावर गेलेल्या बाईने एक दिवस खाडा केला तर मुकादम दंड लावतो, उचल आधीच अंगावर असते. महिन्याचे चार दिवस आणि पोटाचं दुखणं कायमचं मिटवण्याचा सौदा तिला परवडणारा वाटला, यात नवल नाही.

गरिबीमुळे उपचार मिळत नाहीत असं म्हटलं की डोळ्यांसमोर महागडं औषध येतं. ते खोटं नाही. रक्ताच्या कॅन्सरवरच्या ग्लिवेक या औषधाचा महिन्याचा खर्च लाख-सव्वा लाखाच्या घरात होता, तेव्हा देशी कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळायची. एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेकची मूळ कंपनी नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला म्हणून ती स्वस्तच राहिली. पण औषधांच्या आणि ऑपरेशनच्या बिलाशी महाराष्ट्राने बऱ्यापैकी झुंज दिली आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डाची अटही सुटली. न सुटलेला प्रश्न दिवसांचा आहे.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर गावात ‘शेक’ म्हणतात त्या रेडिएशनवर बरा होऊ शकतो, पुढच्या टप्प्यातलाही. आठवड्याचे पाच दिवस असे पाच आठवडे बाहेरून शेक, सोबत आठवड्याला एक केमो आणि मग आतून द्यायचं रेडिएशन. हे सगळं आठ आठवड्यांत उरकावं लागतं. त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसाला रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण अर्धा ते एक टक्का घटते. म्हणजे पोराच्या तापासाठी, सोयाबीनच्या काढणीसाठी किंवा गाडीभाडं संपलं म्हणून बाई दहा दिवस गावी गेली, तर त्याची किंमत तिच्या गाठीला कळते. बीडहून संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय सव्वाशे किलोमीटरच्या वर. रोज जाऊन-येऊन हे होत नाही. आठ आठवडे शहरात राहायचं, सोबतीला नवरा किंवा बहीण, म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडाली. खोलीभाडं वेगळंच. यातलं काहीही उपचारांच्या पॅकेजात बसत नाही.

राहण्याची सोय हाही उपचारच आहे, याचा पुरावा मुंबईतच सापडतो. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर संसार मांडून बसलेले रुग्ण सगळ्या महाराष्ट्राने पाहिले आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीने त्यांच्यातल्या कितीजणांना छप्पर दिलं! टाटामधल्या मुलांच्या विभागात 2009 च्या सुमारास पाचांतल्या एका मुलाचे उपचार घरचे नाकारत किंवा अर्ध्यावर सोडून निघून जात. खोली, जेवण, प्रवासखर्च आणि समजावून सांगणारं माणूस यांची घडी बसली, तसं हे प्रमाण काही वर्षांत शंभरात पाचाच्या आसपास आलं. मधल्या काळात पालकांची माया काही वाढली नव्हती. त्यांची अडचण कमी झाली होती.

तपासणीचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2019-21 मध्ये देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी अवघ्या 1.9 टक्के बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली होती. आता एचपीव्ही तपासणीसाठी बाई स्वतःच नमुना घेऊ शकते, डॉक्टरही समोर लागत नाही. तरीही शिबिर डिसेंबरात गावच्या उपकेंद्रावर भरलं, तर बीडच्या तांड्यावर बाई भेटणार कशी? दिवाळीच्या आगेमागे ती साताऱ्याच्या नाहीतर बेळगावच्या फडात गेलेली असते. ते शिबिर कारखान्याच्या गाळपाच्या काळात ऊसतोड्यांच्या कोप्यांवर भरायला हवं, आणि त्या दिवशीचा खाडा कारखान्याने माफ करायला हवा.

कॅन्सरच्या रुग्णाला मासिक मदत देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात आहे. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं, दाखला हवा, अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जायला हवा. नवरा-बायको दोघं मजुरी करणारं घर एवढ्या उत्पन्नात बसत नाही. बसलं, तरी मंजुरी येईपर्यंत शेक संपलेला असतो किंवा अर्ध्यावर सुटलेला असतो.

रोजगार हमीचा राज्यातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. आठ आठवड्यांचे 56 दिवस धरले तर 17,472 रुपये होतात, सोबतच्या माणसासह 34,944. फुले योजनेच्या पाच लाखांच्या कवचात एवढी रक्कम सहज बसते, नवं खातं किंवा नवी समिती लागत नाही. रेडिएशनचं वेळापत्रक ठरतं त्याच दिवशी योजनेचा आरोग्यमित्र तिथे हजर असतो, रुग्णाची कागदपत्रंही त्याच्याचकडे असतात. त्याच अर्जावर बुडीत मजुरीचा रकाना वाढवावा, आणि पहिला हप्ता पहिल्या शेकाच्या आधी तिच्या खात्यात पडावा.