पगार सोडलेला पाळक

नम्रतेवरचं प्रवचन संपलं की पाळकाच्या गळ्यात हार पडतो, हे आपल्या मंडळ्यांमध्ये नेहमीचंच. या अंकाचा ‘नम्रता’ हा विषय ठरला तेव्हा म्हणूनच रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये मानाने वावरत होता, त्याची पदं उपासनेत गायली जात होती. तरी १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा येशूभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही तिथे जागा होती.

हा त्याग अगदी निर्मळ होता का? मला थोडी शंका आहे. पद सोडणाऱ्याचा बोलबाला पदावर बसलेल्यापेक्षा पुष्कळदा जास्त होतो, आणि टिळकांना ते कळत नसेल असं वाटत नाही. सुदैवाने घरात पत्नी लक्ष्मीबाई होत्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी नवऱ्याचा तापटपणा, लहरीपणा, हातात न टिकणारा पैसा, सगळं हसत हसत लिहून ठेवलं. टिळकांवरचं वाचकांचं प्रेम त्याने तसूभरही कमी झालं नाही. आजच्या पाळकांच्या गौरवग्रंथात बायकोला असं एक तरी पान मिळेल का?